सप्टेंबरात मॉरिशस : बडोदेकरांची पहिली वारी

बडोद्याच्या सुरसागर तलावाच्या मधोमध उभा असलेला १११ फुटांचा महादेव आपण रोज बघतो. खरं तर बघतही नाही, कारण न्यायमंदिराकडून गाडी वळवताना सगळं लक्ष समोरच्या रिक्षावर असतं. तसाच्या तसा महादेव हिंदी महासागरातल्या एका बेटावर, डोंगरमाथ्यावरच्या तळ्याकाठी उभा आहे. उंची १०८ फूट, २००७ साली उभारलेला, आणि घडवला तो आपल्या सुरसागरच्या मूर्तीवरून. धुकं जरा हटलं आणि त्रिशूळ दिसला, तेव्हा आमची ही म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला!" एवढ्या लांब येऊन आपलाच देव बघायचा होता तर रिक्षाने पंधरा मिनिटांत झालं असतं, असं मी म्हणालो. त्यावर जे उत्तर मिळालं ते इथे देत नाही.

मॉरिशसला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा जानेवारीत, कुणालाही न विचारता. दुसऱ्यांदा सप्टेंबरात, गणपतीला. दोन्ही वेळा चुका केल्या, पण दुसऱ्या वेळी निदान कशासाठी आलोय ते ठाऊक होतं. ज्यांचा पासपोर्ट अजून कोरा आहे आणि ज्यांना एजंटकडचं "सहा रात्री, सात दिवस" हे पॅकेज घ्यावं की नाही ते ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. सप्टेंबरात मॉरिशसला निव्वळ समुद्रात डुंबायला जाऊ नये. पाणी गार असतं, वारा असतो. जायचं ते गणपतीला पाहुणे म्हणून. समुद्र मग आपोआप बघून होतो.

आधी तिथी, मग तिकीट

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या देशाबाहेर हे भाग्य आणखी कुठे नांदत असेल तर मला माहीत नाही. कारण सरळ आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर काम करायला तिथे भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून चढलेले आपले कोकणातले लोकही होते. त्यांच्या पाचव्या-सहाव्या पिढ्या तिथे गणपती बसवतात.

तारखेची एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. तिथली सुट्टी बहुतेक आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२३ मध्ये आपली चतुर्थी १९ सप्टेंबरला, त्यांची सुट्टी २० ला. २०२४ मध्ये आपली ७ ला, त्यांची ८ ला. २०२५ मध्ये आपली २७ ऑगस्टला, त्यांची २८ ला. २०२६ ची आपली चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवारी आहे, आणि २०२७ ची ४ सप्टेंबर, शनिवारी. तिकीट काढण्यापूर्वी मॉरिशस सरकारने जाहीर केलेली त्या वर्षाची सुट्ट्यांची यादी बघा आणि चतुर्थीच्या निदान दोन दिवस आधी तिथे पोहोचा.

आता घरचा प्रश्न. आपला दीड दिवसाचा गणपती बोळवून निघू म्हणाल तर तिथला मुख्य दिवस हुकतो. ज्यांच्याकडे गौरी बसतात त्यांना तर उंबरा ओलांडणंच अवघड. आमच्याकडे गणपती भावाभावांत आळीपाळीने असतो, त्यामुळे धाकट्याची पाळी होती ते वर्ष आम्ही निवडलं. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर घरातल्या मोठ्यांशी हे बोलणं सहा महिने आधी करा, तिकीट दाखवून नव्हे. आमच्या काकूंचा रुसवा तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला.

आणि चतुर्थी ऑगस्टात आली तर? तर ऑगस्टात जा. हवा जवळजवळ तीच, थोडी अधिक थंड.

वारा बघून मुक्काम ठरवा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि हीच कुणी सांगत नाही.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणजे ऋतू उलटे. आपला सप्टेंबर म्हणजे त्यांचा हिवाळा सरतानाचा महिना. वादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे सप्टेंबरात ती भीती नाही. आमच्या जानेवारीच्या वारीत वादळाचा इशारा लागला होता. तिथे इशाऱ्याचे चार वर्ग असतात, तिसरा लागला की बस बंद, दुकानं बंद, माणसांनी घरात बसायचं. दोन दिवस आम्ही हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळलो आणि घरून नेलेला लीलो चिवडा संपवला.

सप्टेंबरात पाऊस कमी. किनाऱ्यावर दिवसा चोवीस-पंचवीस अंश, रात्री अठरा-एकोणीस. मधल्या पठारावर, म्हणजे क्युरपिप, वाक्वा या गावांकडे, चार-पाच अंशांनी कमी आणि कधीही बुरबुर. समुद्राचं पाणी बावीस-तेवीस अंशांचं. आपल्याला मे महिन्यात टाकीतलं पाणीसुद्धा कोमट लागतं, तेव्हा पहिली डुबकी मारताना दातखीळ बसली तर नवल नाही. आणि वारा! आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे या दिवसांत जोरात असतात. ते थेट पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, त्यांच्या आडोशामुळे पश्चिम किनारा बराच शांत राहतो. वायव्येकडचा ग्रां बे, त्रू ओ बिश हा भागही ठीक.

आमच्या एजंटने दुसऱ्या वारीला पूर्व किनाऱ्यावरचं हॉटेल गळ्यात मारलं. फोटो सुंदर, भावही कमी. कमी का होता ते तिथे पोहोचल्यावर कळलं. सकाळ-संध्याकाळ वाळू डोळ्यांत, टॉवेल शेजारच्या हॉटेलात, आणि खुर्च्यांवर आमच्याशिवाय कुणी नाही. तीन रात्रींनी आम्ही पदरचे पैसे घालून पश्चिमेला फ्लिक अँ फ्लाकला आलो आणि जणू दुसऱ्याच देशात आलो.

तेव्हा सप्टेंबरात मुक्काम पश्चिमेला: फ्लिक अँ फ्लाक, तामारॅं किंवा ब्लॅक रिव्हरच्या आसपास. याला दुसरंही कारण आहे. मराठी घरं याच ब्लॅक रिव्हर भागात पूर्वीपासून आहेत, कास्कावेलसारख्या गावांतून. वारा टाळायला जिथे जायचं तिथेच गणपतीही भेटतो. नैऋत्य टोकावरचा ल मोर्न डोंगर मात्र वाऱ्याच्या तोंडावर आहे. पतंग बांधून लाटांवर धावणारी मंडळी खास वाऱ्यासाठी तिथे जमतात. बघायला जा, राहायला नको.

हॉटेल की स्वयंपाकघर असलेली खोली? शाकाहारी असाल, चार माणसं असाल, तर डोळे मिटून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. सकाळचा चहा आपल्या मनासारखा होतो, ही एकच गोष्ट पैसे वसूल करते.

कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर आज अर्ज करा. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे, अहमदाबादला जावं लागत नाही. असेल तर त्याची मुदत बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक असलेली बरी. आपल्याकडे आधारवर "विनायकराव", पासपोर्टवर "विनायक" आणि तिकिटावर लाडाचं नाव असले घोळ फार. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव, तसंच्या तसं.

पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर विनाशुल्क शिक्का मिळतो. पण खिडकीवरचा अधिकारी परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे आहेत का ते विचारू शकतो. हे तिन्ही कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी त्याच रांगेत संपते. निघण्याआधी मॉरिशसचा एकत्रित प्रवास-फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारी पानं दिसली तर ती बंद करा. एखाद्या मराठी घरी राहणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन हवा, "अमुक मंडळींकडे" एवढ्याने भागत नाही.

प्रवासाचा विमा घ्या. यावर अधिक लिहीत नाही.

मुंबई गाठणं

बडोद्याहून थेट विमान नाही. मुंबईहून एअर मॉरिशसचं थेट विमान आहे, साधारण सहा तासांचा प्रवास. सप्टेंबर म्हणजे मुंबईचा पाऊस पुरता गेलेला नसतो आणि चतुर्थीच्या तोंडावर रस्ते मंडपांनी भरलेले असतात. गाडीने जाणार असाल तर बोरिवलीला उतरा. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं विमानतळाकडे येणारे बडोदेकर मी दर वेळी बघतो आणि दर वेळी हळहळतो. बोरिवलीहून टॅक्सीने द्रुतगती मार्ग धरला की झालं. पण आदल्या दिवशीच पोहोचा. सकाळच्या विमानासाठी रात्रीच्या गाडीवर विसंबू नका.

बडोद्याहून मुंबईला विमानाने जायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, काढा. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर ती जबाबदारी मग विमान कंपनीची. वेगवेगळी काढलीत तर तुमची.

विमानातल्या जेवणाची एक मेख. फॉर्मवर "हिंदू मील" असा पर्याय दिसतो आणि आपण भाबडेपणाने तो निवडतो. त्याचा अर्थ गोमांस नसलेलं जेवण, त्यात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. शाकाहारी हवं असेल तर "एशियन व्हेजिटेरियन" निवडा, आणि कांदा-लसूण चालत नसेल तर "जैन". आमच्या शेजारच्या सीटवरचे भटजीबुवा झाकण उघडून बराच वेळ नुसते बघत बसले होते.

पैसे

तिथला चलनी रुपया आपल्या साधारण पावणेदोन ते दोन रुपयांना पडतो. नोट हातात आली की नीट बघा, इंग्रजीबरोबर तमिळ आणि गुजराती आकडेही दिसतील. बडोद्याच्या माणसाला परदेशी नोटेवर गुजराती वाचता येणं यासारखी करमणूक नाही.

१२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड चालू झालं. पण "चालू झालं" म्हणजे प्रत्येक टपरीवर चालतं असं नव्हे. निघण्याआधी आपल्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा, बँकेला कळवा, आणि तरीही थोडी रोकड ठेवा. रस्त्यावरचं खाणं, बस, नारळपाणी, देवळातली दक्षिणा हे सगळं रोख. पॅकेज किंवा परकीय चलन घेताना टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापला गेला तर पावती जपा, रिटर्न भरताना तो वळता होतो.

आणखी एक. ऑक्टोबर २०२५ पासून बारा वर्षांवरच्या पर्यटकाला दर रात्रीमागे तीन युरो कर लागतो. बुकिंगच्या रकमेत तो धरलाय की तिथे वेगळा द्यायचाय, ते आधीच विचारून घ्या.

बॅग : काय न्यायचं, त्याहून काय नाही

गणपतीला जातोय म्हणून आमच्या हिने दूर्वांच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधल्या, मोदकांसाठी हळदीची पानं घेतली, वर एक शहाळं. सगळं मुंबईलाच ठेवून जावं लागलं. बेटावरची शेती रोगराईपासून जपायची म्हणून ताजी फळं, पानं, बिया, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. उसाचं कांडं तर चुकूनही नको, त्यांचा सगळा देश उसावर उभा राहिलेला आहे. फुलं, नारळ, केळीची पानं तिथे मुबलक मिळतात. कारखान्यात बंद केलेली पाकिटं, म्हणजे चिवडा, बाकरवडी, कोरडी चटणी, नेता येतात. फॉर्मवर विचारलं तर खरं लिहा.

अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत. भांगेची गोळी गंमत म्हणूनही नको, ई-सिगारेटवरही बंदी आहे. झोपेची, जबर वेदनाशामक किंवा कोडीन असलेली खोकल्याची औषधं नेहमी घेत असाल तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी बरोबर ठेवा आणि औषध मूळ वेष्टनात राहू द्या.

कपड्यांत एक स्वेटर आणि वारा अडवणारं पातळ जाकीट हवंच. मॉरिशसला स्वेटर म्हटल्यावर दुकानदार हसेल, हसू द्या. गणपतीसाठी नऊवारी किंवा साधी रेशमी साडी, पुरुषांना कुडता. तिथली मंडळी त्या दिवशी व्यवस्थित नटतात, आपण बर्म्युड्यात जाऊ नये. पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट न्या. खडकाळ तळाशी समुद्री साळिंदरं असतात आणि दगडमासाही, जो दगडासारखाच दिसतो आणि त्याचे काटे विषारी असतात. प्लगच्या पिना इंग्रजी पद्धतीच्या, तीन आणि चपट्या, तेव्हा अडॅप्टर घ्या. कापडी पिशव्या घ्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१६ पासून बंदी आहे.

तिथले दिवस

बेट लहान आहे, लांबी पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. सगळ्या देशाची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या बडोदे शहराहूनही कमी. तरी एका दिवसात चार टोकं गाठायचा हट्ट धरू नका. रस्ते अरुंद, आणि सप्टेंबर म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. उसाने लादलेल्या गाडीमागे अर्धा तास सरपटणं ठरलेलं. घड्याळ दीड तास मागे करा. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. राजधानी पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, पण पश्चिम किनाऱ्यावर ती येत नाही. बस आहेत, संध्याकाळी लवकर संपतात. टॅक्सीला मीटरचा भरवसा धरू नका. दिवसभराचं भाडं सकाळीच ठरवा आणि कुठे कुठे थांबायचं ते कागदावर लिहून दाखवा.

गंगा तलावासाठी एक पूर्ण सकाळ ठेवा. जुनं नाव परी तलाव, फ्रेंच नाव ग्रां बासॅं. हे ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं आहे. १९७२ मध्ये गोमुखाहून आणलेलं गंगाजल त्यात ओतलं आणि तेव्हापासून गंगा तलाव हे नाव रुजलं. महाशिवरात्रीला लाखो माणसं कावडी घेऊन चालत येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरात तिथे तुम्ही, दोन-चार कुटुंबं, आणि हातातलं केळं हिसकावणारी माकडं. वर धुकं फार. आठला पोहोचलो तर महादेवाचे फक्त पाय दिसत होते, दहाला मूर्ती मोकळी झाली. घाई करू नका, चहा पीत थांबा. आपला सुरसागरचा महादेव पाण्याच्या मधोमध आहे, भोवती वाहनांचा कलकलाट, आणि २०२३ पासून अंगावर सोनं. इथला काठावर, वाऱ्यात, सगळीकडे शांत. कोणता आवडला ते मी सांगणार नाही, बडोद्यात परत राहायचं आहे.

तिथून उतरताना शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा वाटेवर आहे. फोटोंत रंग असतात तेवढे डोळ्यांना दिसत नाहीत, पण दुपारच्या उन्हात बरे उठतात. एक तास पुरे.

पोर्ट लुईला आप्रवासी घाट चुकवू नका. बोटीतून उतरलेल्या गिरमिटियांना जिथे नोंदवलं जाई ती ही जागा, १८४९ साली उभारलेली. आज उरलंय थोडंच: काही भिंती, आणि त्या सोळा पायऱ्या ज्या चढून माणसं आत आली. २००६ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. दहा मिनिटांत बघून होते असं वाटतं, आम्ही दीड तास होतो. शेजारच्या संग्रहालयात गिरमिटियांच्या नोंदी आणि छायाचित्रं बघा. आज्याचं पहिलं नाव नोंदवलं गेलं आणि तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, ते कसं झालं याचा उलगडा तिथे होतो. मूळ नोंदींचा मोठा संग्रह मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहे. त्याच संस्थेत मराठीचा विभागही आहे. आणि बडोदेकरांनी एक नाव लक्षात ठेवावं: मणिलाल डॉक्टर. जन्म बडोद्याचा, १८८१ चा. वकील होऊन १९०७ मध्ये ते मॉरिशसला गेले, मजुरांचे खटले लढले, १९०९ मध्ये तिथे "हिंदुस्तानी" नावाचं पत्र काढलं. आपल्या शहरात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे कुणास ठाऊक, तिथे शाळकरी पोराला ठाऊक असतं. पोर्ट लुईचा बेत मात्र चतुर्थीच्या सुट्टीला ठेवू नका, बाजार बंद मिळेल.

समुद्र. जुलै ते ऑक्टोबर या काळात अंटार्क्टिकाकडून कुबड्या देवमासे पिल्लं घालायला या पाण्यात येतात, आणि पश्चिम किनाऱ्यावरून सकाळी होड्या निघतात. देवमाशाबरोबर पोहायला कायद्याने बंदी आहे. "साहेब, चालतं" म्हणणारा नावाडी भेटला तर दुसरा शोधा. पोहायचं ते प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात. दक्षिणेला ग्री ग्रीजवळ हा कडा तुटलेला आहे, लाटा थेट येतात. तिथे कड्यावर उभं राहून बघायचं, पाय ओले करायलाही उतरायचं नाही.

गणपतीच्या घरी

ओळख नसताना कुणाच्या घरी कसं जायचं? आम्ही आधी तिथल्या मराठी मंडळींच्या संस्थांना पत्र पाठवलं होतं, गणपती बघायला येतोय एवढंच लिहून. महिन्याभराने उत्तर आलं, इंग्रजीत, शेवटी देवनागरीत "या". तिथे मराठी मंडळ्या बऱ्याच आहेत आणि त्यांचा महासंघही आहे. दोन-अडीच महिने आधी लिहा. नाहीच जमलं तर गावातल्या देवळात जा, कुणीतरी हात धरून घरी नेतंच.

त्यांची मराठी ऐकून हसू नका. बोलणं क्रिओल या फ्रेंचवरून झालेल्या तिथल्या भाषेत चालतं, मराठी शाळेत शिकलेली किंवा आजीकडून आलेली, आणि आजीची ती शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची कोकणातली. आपणही "हे मला फावत नाही" आणि "येतोस ने?" म्हणणारी माणसं, पुण्याच्या पाहुण्यांसमोर आपली काय गत होते ते आठवा. सावकाश बोला. दोन शब्द क्रिओलचे शिकून जा. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, आणि "मेर्सी" म्हणजे आभार. वयस्कर बाईंना "आजी" म्हटलं की सगळं सोपं होतं.

आरत्या त्याच. चाल थोडी निराळी, "सुखकर्ता दुखहर्ता" जरा संथ. रात्री झाकरी नाच होतो. कोकणातली जाखडी, बाल्या नाच ज्यांनी पाहिलाय त्यांचे पाय आपोआप हलतील. गोल फेर, ढोलकी, झांजा. सुट्टीच्या दिवशी मिरवणूक निघते, लहान-लहान मूर्ती हातात, आणि नदीवर किंवा समुद्रावर विसर्जन. डीजेच्या भिंती नाहीत. समुद्रात मूर्ती घेऊन शिरणाऱ्या पोरांच्या मागे आपण जाऊ नका, पाणी त्यांचं ओळखीचं आहे.

हातात काय न्यायचं? मिठाईपेक्षा मराठी पुस्तकं, बालगीतांची किंवा आरत्यांची. आम्ही दिनदर्शिका नेली होती, तीच सगळ्यांत जास्त आवडली. भिंतीवर लगेच टांगली गेली.

शाकाहाऱ्याचं पोट

मॉरिशसमध्ये उपाशी राहाल ही भीती सोडा. रस्त्यावर मिळते ती ढोल पुरी, म्हणजे डाळीच्या पुडीचं सारण भरलेली मऊ पोळी. गूळ काढून घेतलेली पुरणपोळीच समजा. ती जोडीने मिळते, आत वालाची उसळ, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, आणि मिरचीची चटणी. चटणी आधी बोटाने चाखा. सेव-उसळीच्या तर्रीवर वाढलेल्या मलासुद्धा ती झेपली नाही. गातो पिमां म्हणजे डाळीचे छोटे वडे, सकाळी पावात घालून खातात. आलुदा हे आपल्या फालुद्याचं भावंड. मोमोसारखे उकडलेले गोळे दिसतात, त्यांत मात्र कोळंबी किंवा मासा असतो, विचारून घ्या. "व्हेजिटारियॅं" म्हटलं की समजतं. तरी "मासा नाही, अंडं नाही" हे वेगळं सांगा, मासा हा भाजीतच मोजणारे लोक जगात सगळीकडे आहेत.

परतीची तारीख ठरवताना अनंत चतुर्दशी टाळा. २०२६ मध्ये ती २५ सप्टेंबरला आहे. त्या दिवशी मुंबईत विमानतळावरून बाहेर पडणं हाच एक प्रवास, आणि बडोद्यात मिरवणुकांनी रस्ते बंद. आम्ही नेमके तेव्हाच परतलो. स्टेशनवरून रिक्षावाला रावपुऱ्यापर्यंत कसाबसा आला, मग दांडिया बाजारापर्यंत दोन बॅगा आणि एक नारळ घेऊन आम्ही ढोल-ताशांच्या मधून चालत घरी गेलो.